‘एक होता कार्व्हर’ : शिफारस आणि शंका

अकोल्याहून खामगावकडे जाताना बाळापूर लागते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहायला लोक येथे येतात. आम्ही गेलो होतो निराळ्या निमित्ताने. येथील काही शिक्षक महिन्यातून एकदा जमतात आणि सध्या हाती असलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येकजण दहा मिनिटे बोलतो. पुस्तक वाचून संपलेले नसले तरी चालते. मात्र ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्यावर कोणाला सुटका नाही. काय आवडले आणि काय पटले नाही, दोन्ही सांगावे लागते.

आम्ही वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ नेले होते. राजहंस प्रकाशनाचे हे चरित्र १९८१ साली निघाले आणि आजही शाळेच्या बक्षीस समारंभात हटकून दिसते. आम्ही ते विद्यार्थी असताना वाचले, पुढे अनेकांना दिले, आणि सध्या पुन्हा वाचत आहोत. पुस्तक देताना आमचे एक वाक्य ठरलेले असे : पीनट बटरचा शोध लावणारा हा शास्त्रज्ञ. तेच वाक्य तेथेही तोंडून गेले. अकरावीतली एक विद्यार्थिनी मागे बसली होती. तिने विचारले, “सर, हे तुम्ही पुस्तकात वाचलं, की कोणाकडून ऐकलं?”

आम्हाला सांगता येईना. इतकी वर्षे आपण हे कशाच्या आधारावर म्हणत होतो, हे आम्ही कधी तपासलेच नव्हते. घरी येऊन तपासले. भुईमुगाच्या लगद्याचे अमेरिकी पेटंट कॅनडातील मार्सेलस एडसन यांना १८८४ साली मिळाले आणि केलॉग यांनी आपला अर्ज १८९५ साली केला. कार्व्हर टस्कीगीला पोचले ते १८९६ मध्ये, आणि भुईमुगाच्या १०५ पाककृती देणारी त्यांची प्रसिद्ध पुस्तिका १९१६ ची. त्यांच्या नावावर एकूण तीन पेटंटे आहेत, एक सौंदर्यप्रसाधनाचे आणि दोन रंगांची. पीनट बटर त्यांत नाही.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आमच्या मते बरेच बिघडते. गुलामीत जन्मलेला, लहानपणीच आईला मुकलेला, शाळेसाठी गावोगाव भटकलेला हा मुलगा आयोवात पदव्युत्तर शिक्षण घेतो आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून दक्षिणेतल्या गरीब संस्थेत जातो. तेथे मोडक्या-तोडक्या वस्तूंतून प्रयोगशाळा उभी करतो. १९०६ साली खेचरांच्या गाडीवर शेतीची शाळा रचून ती शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेली जाते. चाळीसहून अधिक पुस्तिका निघतात, त्याही ज्याच्याजवळ खत विकत घ्यायला पैसा नाही अशा माणसाला डोळ्यापुढे ठेवून. गवाणकरांनी हा प्रवास गोष्ट सांगावी तशा सोप्या, मायेच्या भाषेत सांगितला आहे. आमच्या एका वाक्याने या साऱ्याची जागा एका बरणीने घेतली.

पटले नाही ते पुस्तकाच्या स्वरातले. लेखिकेची भक्ती वाचकालाही लागते आणि मग तो शंका विचारीत नाही. कार्व्हर संतासारखे दिसू लागतात. योगायोग असा की त्याच १९८१ साली लिंडा मॅकमरी यांचे इंग्रजी चरित्र निघाले. शास्त्रज्ञ कार्व्हर आणि प्रतीक झालेले कार्व्हर यांना वेगळे करून पाहण्याचा त्यात प्रयत्न आहे. शेंगवर्गीय पिके हवेतला नत्र जमिनीत आणतात, हा शोधही कार्व्हरांचा नव्हे. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी तो १८८६-८८ च्या सुमारास सिद्ध केला. कार्व्हरांनी तो कापसाने खंगलेल्या जमिनीवरच्या माणसांपर्यंत नेला. शिक्षकांना तर हे काम अधिक जवळचे वाटायला हवे.

कापूस म्हटल्यावर बाळापूरची मंडळी सावरून बसली. पऱ्हाटीत तुरीचे तास येथे पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. एका सरांनी कार्व्हरच्या काळातल्या कपाशीवरच्या किडीला आपली बोंडअळी समजून २०१७ च्या गुलाबी बोंडअळीची आठवण काढली. ती गल्लत अनेकांची होते. अमेरिकेतला तो ‘बोल वीव्हिल’ म्हणजे सोंडेचा भुंगा. तो भारतात नाही. आपली गुलाबी बोंडअळी ही पतंगाची अळी आहे.

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्हाला विचारात पाडले. भुईमूग पेरला की जमीन सुधारते, असे पुस्तक वाचून वाटते. मग आमच्याकडे दरवेळी तसे का होत नाही? याचे एक कारण काढणीत आहे. भुईमुगाचे झाड मुळासकट उपटतात. दाण्यांबरोबर बराच नत्र बाजारात जातो, पाला गुरे खातात, आणि शेणखत शेतात परतले नाही तर जमिनीला फारसे उरत नाही. शिवाय मुळांवरच्या गाठी कामाच्या असाव्या लागतात. हे वर्गात पाहता येते. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी मुगाचे रोप मातीच्या ढेकळासकट खणून काढावे (उपटले तर गाठी जमिनीतच तुटून राहतात), पाण्यात हलकेच धुवावे आणि गाठ ब्लेडने कापावी. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. प्राणवायू आवरून धरण्याचे काम ते करते. प्राणवायू मोकाट असला तर नत्र बांधणारे विकर निकामी होते. गाठ आतून हिरवट किंवा करडी असेल तर तिचे काम थांबलेले आहे. पुस्तकाच्या जोडीला असे एक रोप वर्गात ठेवले तर कार्व्हरांची थोरवी कमी होईल, असे आम्हाला वाटत नाही.

त्या बैठकीत आणखी तीन पुस्तके झाली. त्यांपैकी एकाचा उल्लेख केलाच पाहिजे. एक बाई दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ वाचत आहेत, दर मराठी महिन्याला एकच प्रकरण. आपल्या अंगणात किंवा नदीकाठी तेच झाड मागेपुढे फुलले तर समासात पेन्सिलीने तारीख लिहितात. पुस्तक १९५६ चे, नोंदी बाळापूरच्या. काही नोंदी जुळत नाहीत, आणि त्या न जुळणाऱ्या नोंदीच त्यांनी आधी वाचून दाखवल्या.

आमची ‘कार्व्हर’ची प्रत त्या विद्यार्थिनीने मागून घेतली आहे. तिच्या पहिल्या पानावर, ठरलेल्या वाक्याच्या जागी, आम्ही एडसन यांचे नाव आणि साल लिहून दिले. खाली तिने लिहिले आहे : हे कुठे वाचले?