चाळीस साक्षीदार आणि एक धर्मगुरू

निसर्गातील सुव्यवस्थेवरून निर्मात्याचे अस्तित्व सिद्ध करू पाहणाऱ्या ग्रंथांत 'द एव्हिडन्स ऑफ गॉड इन अॅन एक्सपांडिंग युनिव्हर्स' या ग्रंथाला मोठा मान आहे. जॉन क्लोव्हर मोन्स्मा यांनी संपादिलेला हा लेखसंग्रह १९५८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चाळीस शास्त्रज्ञ एकामागून एक साक्ष देतात, अशी त्याची मांडणी आहे. गुरुविद्यालयात असताना आम्ही तो अधाशासारखा वाचला आणि पुढे कित्येक प्रवचनांत त्याचा सढळ वापर केला, हे आधीच कबूल केलेले बरे.

ग्रंथातील काही निरीक्षणे आजही मनाला भिडतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, म्हणून ऋतू होतात. बर्फ पाण्याहून हलके असते, म्हणून तळे वरून गोठले तरी तळाशी मासे तगतात. अशा गोष्टी वाचताना स्तोत्रकर्त्याचा विस्मय आठवतो. असा विस्मय वाटण्यासाठी कोणाच्या साक्षीची गरज नसते.

अडचण पुढे येते. फ्रँक अॅलन हे जीवभौतिकशास्त्रज्ञ आपल्या लेखात प्रथिनाचा एक रेणू निव्वळ योगायोगाने जुळून येण्याची शक्यता किती नगण्य आहे, याचे गणित देतात. एका रविवारी आम्ही ते वेदीवरून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मिस्सा संपल्यावर जीवरसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी आम्हाला भेटली. "फादर, अणू पत्त्यांसारखे पिसले जात नाहीत. ते ठराविक नियमांनीच जोडले जातात. आणि १९५३ मध्येच मिलरने साध्या वायूंत विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली होती. प्रथिने कशी झाली ते उद्या पूर्ण कळले, तर मी मिस्साला यायचे थांबवू का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही.

तिने ग्रंथाच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले होते. जिथे विज्ञानाला अद्याप उत्तर मिळालेले नाही, तिथे देवाला बसवायचे. मग उत्तर मिळाले, की देवाने जागा खाली करायची! संत थॉमस अक्वायनस यांनी हा सौदा केला नव्हता. त्यांच्या लेखी दुय्यम कारणे आपापले काम खरोखरच करतात आणि देव त्या साऱ्यांच्या अस्तित्वाचा आधार असतो. नियम सापडला म्हणून असा देव मागे हटत नाही. शिवाय साक्षीदार मोजूनच निवाडा करायचा, तर उलट साक्ष देणारे चाळीस शास्त्रज्ञ आणणेही काही अवघड नाही.

ज्या वर्षी हा ग्रंथ निघाला, त्याच १९५८ साली ब्रुसेल्सच्या सोल्व्हे परिषदेत एका शास्त्रज्ञाने याच्या उलट पवित्रा घेतला. ते होते फादर जॉर्ज लमेत्र, १९२३ साली दीक्षा झालेले बेल्जियन धर्मगुरू. विश्व प्रसरण पावत असल्याचे त्यांनी १९२७ साली समीकरणांतून दाखविले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाल्याची कल्पना मांडली. देवाच्या बाजूने साक्ष द्यायला याहून योग्य माणूस कोण? परंतु आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या सर्वस्वी बाहेर आहे, जडवादी मनुष्य तो मानूनही देव नाकारायला मोकळा आहे, असे त्यांनी परिषदेत सांगितले. श्रद्धावंतासाठी त्यांनी यशयाच्या गुप्त राहणाऱ्या देवाचे स्मरण दिले. तो आरंभातही गुप्तच राहतो.

त्याआधी, नोव्हेंबर १९५१ मध्ये, पोप पायस बारावे यांनी वैज्ञानिक अकादमीपुढील भाषणात नव्या विश्वशास्त्राची सांगड निर्मितीच्या शिकवणुकीशी उत्साहाने घातली, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले होते. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहाशयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. लमेत्र यांच्यावर रोमचा रोष मात्र झाला नाही. १९६० साली त्याच अकादमीचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १९६६ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याकडे होते.

श्रद्धेचे बळ कमी असते, तर लमेत्र यांनाही पुरावा हवासा वाटला असता, असे आम्हाला राहून राहून वाटते. मोन्स्मा यांच्या साक्षीदारांच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला शंका नाही. त्यांची घाई तेवढी खटकते. हा ग्रंथ वाचू नये असे आम्ही म्हणत नाही. आमची प्रत त्या मुलीनेच मागून नेली आहे. तिने समासात पेन्सिलीने काय लिहिले असेल, याची आम्हाला उत्सुकता आहे आणि थोडी धास्तीही.