खुनी बहुमताने ठरतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात आम्ही चार-पाच हौशी मंडळींनी ‘जेवता जेवता खून’ असा एक प्रयोग केला. संहिता माझी, चाली एका मित्राच्या. हॉटेलचे मोठे दालन, गोल टेबले, मधल्या मोकळ्या जागेत नाटक. एका जमीनदाराचा खून होतो, पाच संशयित असतात, आणि खुनी डावखुरा आहे हा एकमेव खरा सुगावा तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात दडलेला असतो. मला त्या अंतऱ्याचा फार अभिमान होता. नेमक्या त्याच वेळी वाढपी सिझलर घेऊन आत आले. तो चर्रर्र आवाज आणि तो धूर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. अंतरा कुणालाही ऐकू आला नाही.

शेवटी हात वर करून मतदान झाले. स्वयंपाक्याची भूमिका कंपनीच्याच हिशेब खात्यातले एक मितभाषी गृहस्थ करत होते. प्रवासखर्चाची बिले तेच अडवत, त्यामुळे सगळ्या दालनाने हसत हसत त्यांनाच खुनी ठरवले. माझ्या संहितेतला खुनी मात्र डॉक्टर होता. मी पुढे होऊन ते सांगितले आणि दालन एकदम थंड पडले. खरे उत्तर सांगितले आणि प्रयोग पडला. सामान आवरताना ते गृहस्थ मला म्हणाले, “गंमतच होती हो. पण कुणाकुणाचे हात वर होते, ते दिसले मला.”

हे वाक्य डोक्यातून जाईना. नाट्यशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे वाचले ते रद्दीवाले, ग्रंथालये आणि मित्रांची कपाटे यांच्या कृपेने. त्याच सवयीने या प्रकाराच्या मागे लागलो. संगीत, विनोद, खून आणि जेवण यांची ही मिसळ गंभीर समीक्षेने कधी ताटात घेतलेली नाही. पण तिच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो हलका नाही: प्रेक्षकांच्या बहुमताने एखाद्याला गुन्हेगार ठरवायचे, तर त्या ठरवण्याला अर्थ काय?

आधी जेवण, मग रंगमंच

अमेरिकेत डिनर थिएटर रुजले ते 1950 आणि 60च्या दशकांत. व्हर्जिनिया राज्यातल्या हॅनोव्हर टॅव्हर्न या जुन्या खाणावळीत बार्क्सडेल थिएटरने आरंभीच्या काळात हा प्रयोग केला. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावचे बार्न डिनर थिएटर 1964चे. तिथली युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. दालनाच्या मधोमध जेवण मांडलेले असते. लोक वाढून घेतात, जेवतात, टेबले हलवली जातात, आणि मग छतातून रंगमंच हळूहळू खाली उतरतो. पदार्थ जिथे होते तिथेच नाटक उभे राहते. दोन्हींना एकच जागा, पण वेळ वेगळी. आमच्या सिझलरचे उत्तर तिथे अर्धशतकापूर्वीच दिलेले होते.

अर्थात खाणे आणि गाणे एकत्र आणण्याची कल्पना अमेरिकेची नव्हे. लंडनच्या लॅम्बेथ भागात चार्ल्स मॉर्टनने 1852 साली आपल्या मद्यगृहाला जोडून कँटरबरी हॉल उघडला. इंग्लंडच्या म्युझिक हॉलची परंपरा सांगताना आरंभ बहुधा इथून होतो. लोक टेबलाशी बसून खातपीत गाणी ऐकत. एक ‘चेअरमन’ हातोडी आपटून पुढच्या कलावंताची ओळख करून देई, गोंगाट आवरी, प्रेक्षकांशी थट्टामस्करी करी. पुढे टेबले गेली, रंगमंचाकडे तोंड केलेल्या खुर्च्यांच्या रांगा आल्या, आणि प्रेक्षक गप्प बसायला शिकला.

आपल्याकडे खाणे नाट्यगृहाबाहेरच राहिले. मध्यंतरातला बटाटेवडा ही त्याची सीमा. पण प्रेक्षकाचा हस्तक्षेप मात्र थेट नाटकात होता. 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाल्यापासून आपला प्रेक्षक पदांवर हक्क सांगत आला. बालगंधर्वांच्या काळात ‘वन्स मोअर’ने कथानक तासन्‌तास थांबे. नाट्यसमीक्षेने त्याला दोष म्हटले, आणि कथेच्या बाजूने पाहिले तर तो होताच. पण रंगमंचावरचा काळ आपल्या हुकमाने थांबतो, हा त्यातला प्रेक्षकाचा आनंदही खरा होता. खुनाच्या संगीत नाटकाने याच आनंदाला नियमांत बसवले.

अर्धे ताट टाकून उठलेला लेखक

या प्रकारातली सर्वांत विचारपूर्वक रचलेली कृती म्हणजे रूपर्ट होम्सचे ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’. ते मूळचे डिनर थिएटरसाठी लिहिलेले नाही. पण त्याचे सगळे नाट्य एका व्हिक्टोरियन म्युझिक हॉलमध्ये घडते, म्हणजे रांगेत गप्प बसायला शिकलेल्या प्रेक्षकाला ते पुन्हा खाणावळीच्या टेबलाशी नेऊन बसवते. म्हणूनच त्याचा इथे विचार करायचा.

आधार आहे चार्ल्स डिकन्सच्या अखेरच्या कादंबरीचा. एप्रिल 1870पासून ती मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध होऊ लागली. योजना 12 हप्त्यांची होती. 9 जून 1870 रोजी डिकन्स वारला तेव्हा सहा हप्त्यांपुरताच मजकूर हाती होता. तरुण एडविन ड्रूड नाताळच्या सुमारास नाहीसा होतो; त्याचा मामा जॉन जॅस्पर हा चर्चमधला गायक, अफूचा व्यसनी, आणि भाच्याच्या वाग्दत्त वधूवर, रोझावर, डोळा ठेवून असलेला. डिकन्सचा मित्र आणि चरित्रकार जॉन फॉर्स्टर याने लिहून ठेवले आहे, की गोष्ट मामाने केलेल्या भाच्याच्या खुनाची होती. तरीही वाचकांचे समाधान झाले नाही. 1914च्या जानेवारीत लंडनमध्ये डिकन्सप्रेमींनी जॅस्परवर चक्क खटला भरला. न्यायाधीश जी. के. चेस्टरटन, ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा मधला मार्ग काढला, आणि चेस्टरटनने स्वतःला वगळून सर्वांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. थट्टाच, पण नेमकी. लेखकाने न लिहिलेल्या खुनाचा निकाल देणे हाच एक अवमान आहे, हे चेस्टरटनला उमगले होते.

होम्स त्याआधी ठाऊक होता तो 1979च्या ‘एस्केप’ या लोकप्रिय गाण्यामुळे. ‘ड्रूड’ची संहिता, गीते, संगीत आणि वाद्यमेळाची रचना असे सगळे त्याने एकट्याने केले. 1985च्या ऑगस्टमध्ये जोसेफ पॅपच्या संस्थेतर्फे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, खुल्या रंगमंचावर, ते प्रथम झाले. त्याच डिसेंबरमध्ये ब्रॉडवेच्या इंपीरियल थिएटरात आले, 608 प्रयोग झाले, आणि सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह पाच टोनी पुरस्कार मिळाले.

डिकन्सची लेखणी थांबते तिथे नाटकही थांबते. मग चेअरमन प्रेक्षकांकडे वळतो. दाचेरी नावाचा वेषांतर केलेला गुप्तहेर खरा कोण? खुनी कोण? प्रेमी युगुल कोणते? नट प्रेक्षागृहात उतरून भागाभागातली मते मोजतात, प्रेमिकांची निवड टाळ्यांवर होते, आणि त्या रात्रीचा शेवट निकालाप्रमाणे सादर होतो. चेअरमन हा आपला सूत्रधारच. पण एक नट हजर नाही असे सांगून तो स्वतः महापौराची भूमिकाही अंगावर घेतो. नाटक सांगणारा नाटकात अडकतो. ड्रूडचे काम एक नटी करते आणि ती नटी म्युझिक हॉलमधली पुरुषवेषासाठी नावाजलेली कलावती आहे, असे नाटकातच सांगितलेले असते. बालगंधर्वांच्या मुलखातल्या वाचकाला हे उलट्या आरशातले प्रतिबिंब वाटेल.

सुगावा की हेतू?

रहस्यकथेच्या चाहत्याचा आक्षेप उघड आहे. कोणीही खुनी ठरू शकत असेल तर सुगाव्यांना किंमत काय? ॲगाथा ख्रिस्तीच्या कोड्याला एकच किल्ली असते. तिच्या एका कादंबरीच्या धर्तीवर बेतलेले ‘समथिंग्ज अफूट’ हे विनोदी संगीत नाटक 1976 साली ब्रॉडवेवर आले. त्यात माणसे एकेक करून मरतात, जिना-टेलिफोनसारखे नेपथ्यच जीव घेते, आणि शेवट मात्र ठरलेला असतो. ब्रॉडवेवर ते 61 प्रयोगांत आटोपले. हौशी संस्थांनी आणि डिनर थिएटरांनी त्याला पुढे जगवले. दुसऱ्या टोकाला ‘शिअर मॅडनेस’. पॉल पोर्टनरच्या 1963च्या जर्मन नाटकावरून घडलेले हे केशकर्तनालयातले रहस्य बॉस्टनमध्ये 1980पासून चाळीस वर्षे चालले. त्यात गाणी नाहीत; प्रेक्षक संशयितांना प्रश्न विचारतात, खोटे पकडतात, मग मत देतात.

होम्सने तिसरी वाट धरली. त्याने सुगाव्याच्या जागी हेतू आणला. प्रत्येक संशयिताला खुनाचे कारण आहे आणि प्रत्येकासाठी कबुलीचे गाणे तयार आहे. बहुतेक रात्री त्यातले एकच गायले जाते. बाकीचे नट ते तयार ठेवतात आणि गिळून टाकतात. वादळी रात्री ड्रूडच्या अंगावर मामाचा कोट असतो, त्यामुळे जॅस्परचा द्वेष करणाऱ्या कुणीही चुकून ड्रूडला मारलेले असू शकते. एका दुय्यम नटाची कबुली तर अशी, की नाटकात आपले काम वाढावे म्हणून खून केला! कोडे म्हणून हे लटके आहे. नाट्य म्हणून मात्र पक्के आहे, कारण निवड कुणाचीही झाली तरी त्या माणसाला उभे राहून बोलायला जागा आहे. माझ्या हिशेबनीसांना मी ती दिली नव्हती. शंभर हात वर झाले, आणि त्यांच्या वाट्याला एक ओळसुद्धा नव्हती.

मेलेला परत येतो

होम्सचा खरा शहाणपणा त्यापुढे आहे. मतदान झाले, खुन्याने कबुली दिली, प्रेमिक जुळले; आणि मग ड्रूड जिवंत परत येतो. मारा झाला होता, पण तो मेला नव्हता. अनेकांना हा गोड शेवटाचा सोपा मार्ग वाटतो. मला तो या सबंध रचनेचा आधारखांब वाटतो. लोक पुरावा पाहून मत देत नाहीत. ते लाडक्या नटाला देतात, सर्वांत अशक्य वाटणाऱ्याला देतात, किंवा ज्याने बिल अडवले त्याला देतात. अशा मताने ठरलेला गुन्हा कायम राहिला, तर ते विनोदी नाटक उरत नाही, ती झुंडशाही होते. म्हणून प्रेत परत आणायलाच हवे. खून झालाच नाही म्हटले की खुनी ठरवण्याचा खेळ निर्दोष होतो. बहुमताला सगळे अधिकार द्यायचे आणि त्याच्या हातून कुणाचे कायमचे नुकसान होऊ द्यायचे नाही, ही ती अट.

या अटीची एक किंमतही आहे आणि ती नाटक चुकती करत नाही. जॅस्पर रोझाला गाणे शिकवतो. तो तिच्यासाठी एक गीत रचतो आणि ते तिने आपल्यासमोर गावे असा आग्रह धरतो. त्याची वासना त्याने शब्दांत घातलेली आहे, आणि ती तिच्याच गळ्यातून त्याला ऐकायची आहे. गाता गाता ती कोलमडते. कादंबरीतला प्रसंग होम्सने संगीतात फार प्रभावीपणे आणला आहे. इथे गाणे कथा थांबवत नाही, गाणे हाच पुरावा आहे. शिक्षकाने शिष्येवर केलेली ही जबरदस्ती मतदानाला टाकलेली नाही, ती डोळ्यांदेखत घडली आहे. मग ड्रूड परतला म्हणून जॅस्पर निर्दोष कसा? शेवटच्या जल्लोषात हा हिशेब वाहून जातो. 608 प्रयोगांच्या यशाआड राहिलेली ही उणीव मला त्या नाटकाची सर्वांत मोठी उणीव वाटते. हे नाटक जेवणाच्या टेबलांमध्ये बसवणाऱ्याने निदान एवढे करावे: ते गाणे चालू असताना दालनात एकही चमचा हलू देऊ नये. स्वयंपाकघराचे दार बंद, वाढपी बाहेर. प्रेक्षक बाकी काही विसरले तरी चालेल, एवढे विसरता कामा नये.

पुढे एका गृहनिर्माण संस्थेच्या सभागृहात आम्ही तोच जमीनदार पुन्हा मारला. जेवण आधी उरकून घेतले. पाच कबुल्या, पाच गाणी लिहिली. डावखुऱ्या खुन्याचा माझा लाडका अंतरा काढून टाकला. हिशेबनीसांना स्वयंपाक्याच्या भूमिकेबद्दल विचारले, तेव्हा ते म्हणाले, “या वेळी मला मेलेल्याचे काम द्या.” पहिल्या दहा मिनिटांत ते मेले. लोकांनी मनसोक्त हात वर करून आपला खुनी निवडला. त्याची कबुली संपत आली तसे हिशेबनीस श्रीखंडाच्या वाट्यांचे तबक घेऊन आत आले, आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून स्वतःच्या हाताने वाढत गेले.