'आपण' म्हणजे कोण? मराठी आणि उर्दू कथेतील मुक्त अप्रत्यक्ष कथन

कथा शिकवताना एखाद्या वाक्यावर बोट ठेवून 'हे कोण म्हणतो?' असे विचारले, की बहुतेक विद्यार्थी 'लेखक म्हणतो' असे उत्तर देतात. अवतरणचिन्ह असेल तर वाक्य पात्राचे, नसेल तर लेखकाचे, हा शाळेपासूनचा हिशेब त्यामागे असतो. पण कथेतील कितीतरी वाक्ये या हिशेबात बसत नाहीत. पात्राच्या मनातील विचार 'त्याला वाटले' असे न सांगता निवेदनातच मिसळतो, तेव्हा त्याला मुक्त अप्रत्यक्ष कथन म्हणतात. स्विस भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स बाली यांनी १९१२ मध्ये या प्रकाराला नाव दिले. कथाकार मात्र तो त्यापूर्वीपासून वापरत होते.

इंग्रजीत हे कथन ओळखण्याची कसोटी ठरलेली आहे. क्रियापद भूतकाळात सरकते, 'मी'चा 'तो' होतो, परंतु 'आता', 'उद्या' हे शब्द पात्राच्याच घड्याळाप्रमाणे राहतात. हीच कसोटी मराठी कथेला लावली की हाती फारसे काही लागत नाही. 'मी उद्या येतो' हे वाक्य मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येतो' असे सांगता येते. काळ मागे सरकवण्याची सक्ती मराठीत नाही आणि उर्दूतही नाही. मग मराठी वाचकाने खूण कोणती शोधावी?

एक साधे उदाहरण घेऊ. 'सलीम कॅसलरॉकच्या फलाटावर पोहोचला तेव्हा गाडी सुटली होती. आता घरी काय सांगायचे? आपण कालच निघायला हवे होते. उद्या तर कचेरी बंद.' यातील पहिले वाक्य निवेदकाचे आहे. पुढची तीन सलीमची आहेत, पण त्यांना ना अवतरणचिन्ह, ना 'वाटले'. तिसऱ्या वाक्यात 'मी' घातले तर ते सरळ सलीमचे स्वगत होते. 'त्याने' घातले तर निवेदक त्याला दोष देत आहे असे वाटते. 'आपण' घातल्यावर निवेदनाचा धागा तुटत नाही आणि विचार सलीमचाच राहतो. व्याकरणात आत्मवाचक म्हणून शिकवले जाणारे हे सर्वनाम मराठी कथेत असे मोठे काम करते.

दुसरी खूण वाक्यरचनेत आहे. 'असे त्याला वाटले' हे मराठीत वाक्याच्या शेवटी येऊ शकते. म्हणजे ते येईपर्यंत विचार कोणाचा हे वाचकाला नक्की ठाऊक नसते. शेवटचे तेवढे शब्द गाळले की मुक्त अप्रत्यक्ष कथन तयार होते. प्रमाण उर्दूत 'कि' आधीच येऊन वाचकाला सावध करतो. आपल्या सीमाभागातील दखनी मात्र मराठीच्या 'म्हणून'सारखे आणि कन्नडच्या 'अंत'सारखे 'बोलके' विधानाच्या मागे लावते. उर्दूच्या घरातली ही बोली या बाबतीत शेजाऱ्यांच्या चालीने चालते. कॅसलरॉकसारख्या गावात, जिथे कन्नड, कोकणी, मराठी आणि दखनी एकाच फलाटावर ऐकू येतात, तिथे हा फरक कानांना सहज कळतो.

आता सआदत हसन मंटो (१९१२–१९५५) यांची 'टोबा टेक सिंग' पाहू. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांची अदलाबदल करतात, असे तिचे कथानक आहे. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातील रुग्णांना आपण कोणत्या देशात आहोत हेच कळत नाही. मंटो आधी हे अज्ञान निवेदकाच्या शब्दांत नोंदवतात आणि लगेच रुग्णांचे तर्क मांडू लागतात. जागा न सोडता देश कसा बदलला, ही शंका रुग्णांची आहे. क्रियापद वर्तमानकाळात, सर्वनाम मात्र तृतीय पुरुषी 'वो'. गंभीर चेहऱ्याने सांगणारा निवेदक आणि गोंधळलेला रुग्ण एकाच वाक्यात उभे राहतात. कथेतील उपरोध तिथून येतो.

मराठी अनुवादकापुढे इथे खरा पेच आहे. 'वो'साठी 'ते' की 'आपण'? 'ते' घेतले तर रुग्ण दूर राहतात आणि त्यांच्याकडे पाहून हसू येते. 'आपण' घेतले तर मंटोंचा अलिप्त स्वर थोडा हरवतो, पण शंका वाचकाच्या अंगावर येते. कारण मराठीत 'आपण' म्हणजे 'मी स्वतः', 'तुम्ही' आणि 'तुम्ही-आम्ही सगळे' असे तिन्ही. माझ्या मते विधानात 'ते' आणि शंकेच्या जागी 'आपण' घ्यावे. स्थानकापलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज हद्द पाहिलेल्या गावाच्या वाचकाला ती शंका केवळ वेड्यांची वाटणार नाही.

याच गुणात धोकाही आहे. 'आपण'मध्ये लेखक, पात्र आणि वाचक इतके जवळ येतात की पात्राचे मत लेखकाच्या माथी मारणे सोपे होते. १८५७ मध्ये 'मादाम बोव्हारी'बद्दल फ्लोबेरवर खटला चालला, तेव्हा नायिकेच्या मनातील व्यभिचाराचा आनंद हा लेखकाने केलेला गौरव आहे, असा आरोपाचा रोख होता. फ्लोबेर निर्दोष सुटले. फाळणीपूर्वी आणि फाळणीनंतरही मंटोंना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. वाक्य कोणाचे हे न पाहता निवाडा करण्याची सवय न्यायालयापुरती नाही. ती वर्गातही असते.

म्हणून एक छोटा स्वाध्याय सुचवावासा वाटतो. उतारा देऊन प्रत्येक वाक्यापुढे 'असे त्याला वाटले' जोडून पाहायला सांगावे. 'गाडी सुटली होती' याला ते जोडले तर घडलेली गोष्ट संशयास्पद होते. म्हणजे वाक्य निवेदकाचे. 'आता घरी काय सांगायचे?' याला ते एकही शब्द न बदलता जुळते. म्हणजे विचार पात्राचा. काही वाक्ये दोन्हीकडे बसतील. त्यांवर वर्गात वाद होऊ द्यावा आणि 'लेखक म्हणतो' हे उत्तर तो वाद झाल्यावरच स्वीकारावे.