स्टॅन्ली साउथ आणि शार्लफोर्टची खापरे

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील पॅरिस बेटावर झाँ रिबो ह्या फ्रेंच नाविकाने १५६२ मध्ये शार्लफोर्ट नावाचा लहानसा कोट उभारला. तेथे मागे राहिलेली सुमारे २८ माणसे वर्षभरातच उपासमार व कलह ह्यांनी गांजून स्वदेशी निघाली. १५६४ मध्ये स्पॅनिशांनी कोट जाळला आणि १५६६ पासून १५८७ पर्यंत त्याच परिसरात त्यांचे सांता एलेना हे नगर नांदले. इतक्या अल्पजीवी वसाहतीचा शोध लागावा कसा, ह्या प्रश्नावरच स्टॅन्ली साउथ (१९२८–२०१६) ह्यांच्या उत्खननपद्धतीची खरी कसोटी लागते.

१९२३ मध्ये जॉर्ज ऑस्टरहाउट ह्यांनी बेटावरील एक कोट खणून तोच शार्लफोर्ट असे ठरविले. १९२६ मध्ये तेथे रिबोचे स्मारकही उभे राहिले. वस्तुतः तो स्पॅनिशांचा सान मार्कोस होता. नाव आधी ठरले आणि पुरावा मागाहून त्यास जुळविला गेला, हे ह्या प्रमादाचे मूळ होय.

१९७९ पासून सांता एलेना खणताना साउथ ह्यांनी हा क्रम उलटविला. एखाद्या लक्षवेधी वस्तूपेक्षा सर्व वस्तूंची मोजदाद व त्यांची परस्पर प्रमाणे महत्त्वाची, हे तत्त्व त्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. खापरांच्या प्रकारांवरून वस्तीचा सरासरी काळ काढण्याचे त्यांचे सूत्रही प्रसिद्ध आहे.

तथापि १९९६ मध्ये साउथ व चेस्टर डीप्रॅटर ह्यांनी शार्लफोर्ट सान फेलिपे ह्या स्पॅनिश कोटाच्याच जागी असल्याचे जाहीर केले, ते सरासरीच्या बळावर नव्हे. पूर्वी सापडलेल्या खापरांची फेरतपासणी होऊन त्यांतील काही फ्रेंच बनावटीची ठरली, तेव्हा हा निर्णय शक्य झाला. एकवीस वर्षांच्या स्पॅनिश वस्तीची सरासरी काढली असता काही महिन्यांची फ्रेंच वस्ती तीत लोपून जाते. मराठीच्या शब्दसंग्रहात ‘पगार’, ‘चावी’ अशा पोर्तुगीज शब्दांचे प्रमाण अल्प आहे. परंतु संपर्काचा इतिहास सांगतात ते हेच शब्द.

म्हणजे साउथ ह्यांची पद्धत निष्फळ ठरली काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. क्षुद्र वाटणारे खापरही टाकावयाचे नाही, ही शिस्त नसती, तर फेरतपासणीस काही उरलेच नसते. त्यांच्या सूत्राची मर्यादा त्यांच्याच संग्रहाने दाखवून दिली, ह्यातच त्या संग्रहाचे मोल आहे.