दोन डोक्यांची गाय आणि पवनेचे पाणी

ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘फॉलआउट ३’ भारतात न आणण्याचे जाहीर केले. कारण दिले सांस्कृतिक संवेदनशीलतेचे. तपशील दिला नाही. सगळ्यांचा तर्क एकच: खेळातल्या दोन डोक्यांच्या, किरणोत्सर्गाने विद्रूप झालेल्या गुरांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात. (हे नाव १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’पासूनचे.) जपानी आवृत्तीतून मेगाटन गावातला अणुबॉम्ब उडवण्याचा पर्याय वगळला गेला, तिथे निदान बोट खऱ्या जखमेवर होते. आपली चर्चा नावापाशीच अडली.

खेळ मात्र पाण्याचा आहे. २२७७ सालच्या उद्ध्वस्त वॉशिंग्टनमध्ये जेफरसन स्मारकातले जलशुद्धीकरण यंत्र सुरू करायचे, हे त्याचे मूळ कथानक. गावाच्या वेशीबाहेर तहानलेला भिकारी बसलेला असतो. त्याला शुद्ध पाणी दिले की आपले ‘कर्म’ सुधारते.

चिंचवडच्या वाचकाने इथे जरा थबकावे. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. पाणी दूषित आहे अशी तक्रार नव्हती. ते कोणाचे, हा वाद होता. ‘फॉलआउट ३’मध्ये यंत्राच्या ताब्यासाठी दोन सशस्त्र फौजा झुंजतात, पण नदीच्या वरच्या अंगाला शेत असलेला माणूस कथेत कुठेच नाही. शेवटी कोणी एकाने किरणोत्सर्गी कोठडीत शिरून २१६ हा आकडा दाबायचा, की पाणी सर्वांचे.