‘गुलामगिरी’ व पुराणांची उलटतपासणी

जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. एका पक्षास तें शिवराळ वाटत आलें आहे, तर दुसऱ्या पक्षास त्यांतील अक्षरन्‌अक्षर इतिहास म्हणून प्रमाण वाटतें. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं या ग्रंथाची जातच नीट ओळखलेली नाहीं.

अमेरिकेंतील निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केलेला हा ग्रंथ धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादाच्या रूपानें चालतो. मत्स्य म्हणजे लहान होड्यांतून आलेली टोळी, कच्छ म्हणजे मोठ्या तारवांतील दुसरी, नृसिंह म्हणजे सिंहाचें सोंग घेऊन केलेला विश्वासघात, असा दशावतारांचा अर्थ त्यांत लाविला आहे. ‘महासुभा’ यापासून म्हसोबा, अशा व्युत्पत्तिही आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या भाषेची व विद्वत्तेची टर उडविली, ती याच बाजूस धरून. या व्युत्पत्ति शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहींत, हें आम्हीही मान्य करितों.

परंतु साक्षीदारास खोटें ठरविण्यासाठीं वकिलानें स्वतः घटना पाहिलेली असावी लागत नाहीं. त्याचे प्रश्न बिनतोड असले म्हणजे पुरे. ‘गुलामगिरी’चें खरें सामर्थ्य या प्रश्नांत आहे. परशुराम चिरंजीव आहे ना? मग त्यानें सहा महिन्यांच्या आंत हजर व्हावें, अशी नोटीसच जोतीराव त्यास लिहितात. कोर्टकचेऱ्यांच्या कागदांनीं गांजलेल्या कुणब्याच्या वतीनें तोच कागद पुराणपुरुषावर बजावावा, यांतील विनोदाचें मर्म चिपळूणकरांसारख्या रसिकासही दिसूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

बळीची कथा याहून महत्त्वाची आहे. बळी दानशूर व सत्यवचनी होता, हें पुराणही नाकारीत नाहीं. तरी त्याला पाताळांत जावें लागलें. हा अनुग्रहच होता, देव पुढें त्याचा द्वारपाळ झाला, असें भागवत सांगतें. ठीक, पण बळीच्या प्रजेचें काय झालें? तिचा विचार त्या कथेंत कोठें येत नाहीं. इकडे आमच्या बायका सणावारीं ओवाळतांना बळीचेंच राज्य मागतात, वामनाचें नव्हे. ग्रंथ एक सांगतो आणि घरांतील रूढि दुसरें, ही विसंगति जोतीरावांनीं पकडली. पुराण ही जेत्याची साक्ष आहे, हा त्यांचा सिद्धांत येथें सर्वांत बळकट ठरतो.

दोष आहे तो दुसरीकडे. जातिभेद म्हणजे परकीय आर्यांनीं लादलेलें जूं, असें एकदां म्हटलें कीं, जूं वाहणारांनीं आपसांत उच्चनीच पायऱ्या कां मांडिल्या, याचा उलगडा होत नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं या पायऱ्यांनाच जातिसंस्थेचें मर्म मानिलें. शूद्रांच्या मूळाविषयींचा आपला १९४६ चा ग्रंथ त्यांनीं जोतीरावांस अर्पण केला. पण त्याच ग्रंथांत आर्यवंशाची उपपत्ति वेदांच्याच आधारानें खोडून काढिली. गुरु मानावें आणि गुरूचा पुरावा मात्र पुन्हा तपासावा, ही रीत आम्हांस फार मोलाची वाटते. जोतीरावांच्या अनुयायांनीं ती उचलली असती तर त्यांच्या पक्षाचें बळ वाढलें असतें.

पुराणाभिमान्यांसही आमचें एक सांगणें आहे. आंबेडकरांचें हिंदुधर्मांतील कूटप्रश्नांविषयींचें लेखन शासनानें १९८७ सालीं छापलें, तेव्हां राम व कृष्ण यांवरील परिशिष्टावरून मोठें वादळ उठलें. मोर्चे निघाले, पण प्रश्न जेथल्या तेथेंच राहिले. ‘गुलामगिरी’चेंही तसेंच झालें आहे. तिच्यांतील व्युत्पत्ति खोडून टाकणें सोपें आहे, आणि तें काम झालेंही आहे. बळीच्या प्रजेविषयींच्या प्रश्नाचें उत्तर मात्र आमच्या वाचनांत अद्याप आलेलें नाहीं.