अल्पशक्ती संगणक : नाव आणि वस्तू

केंब्रिजच्या एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला, एकाच सर्किट-बोर्डावर मावणारा ‘रास्पबेरी पाय’ २०१२ साली ३५ डॉलरांस विक्रीस आला. विद्यार्थ्याने संगणक केवळ वापरू नये, तो उलगडून पाहावा, हा त्यामागील हेतू होय; त्याचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावयास हवे.

लिनक्सची आज्ञावली कोणासही वाचता येते. परंतु या पहिल्या यंत्रात वीज येताच प्रथम जागा होतो तो चित्रप्रक्रियक. त्याची प्रारंभिक आज्ञावली यंत्रभाषेतच मिळते, मूळ लेखन उपलब्ध नाही. लिनक्सचा कारभार त्यानंतरचा. जिज्ञासेचा आरंभ जेथे व्हावा, तेथेच वाचन खुंटते.

विजेचेही तसेच. पहिल्या ‘मॉडेल बी’स साडेतीन वॅटांचा पुरवठा पुरे, २०२३ च्या पाचव्या आवृत्तीस २७ वॅटांचा सुचविला आहे. पुरवठ्याची क्षमता म्हणजे प्रत्यक्ष व्यय नव्हे, हे खरे. तथापि ‘अल्पशक्ती’ हे विशेषण साऱ्या कुळास सरसकट लावणे आता युक्त नाही.

या यंत्राने संगणक स्वस्त केला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र स्वस्त वस्तू खुली असतेच असे नाही. अध्यापनासाठी यंत्र निवडताना हा भेद विसरता कामा नये.